ऑइल वाढलं कसं?

ट्रॅक्टर सुरू करायच्या आधी इंजिनातलं ऑइल मोजायची पट्टी बघायची सवय बापूंची, माझी नाही. मागच्या उन्हाळ्यात, रोहिण्या निघायला दोन-तीन दिवस होते, तेव्हा त्यांनी सकाळीच शेडमधून हाक मारली.

“ऑइल घातलास का रे तू?”

“नाही बापू.”

डायव्हरला विचारलं. त्यानंही घातलेलं नव्हतं. बापूंनी पट्टी फडक्यानं पुसली, परत आत घातली, परत काढली. वरच्या खुणेच्याही वर चांगलं बोटभर ऑइल. “मग हे वाढलं कसं?” एवढं बोलून त्यांनी पट्टी माझ्या हातात दिली आणि चहाला निघून गेले.

आमचं गाव लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात. ट्रॅक्टर २०१२ चा, तीन सिलिंडरचा, ४२ एचपी. घरचं रान करून गावातली नांगरट, मोगडा, पेरणी भाड्यानं करतो. तेव्हा मीटरवर ६,८०० तास होऊन गेलेले. मृग तोंडावर आलेला, चाळीसेक एकराला पाळी मारून द्यायचा शब्द दिलेला, काही जणांकडून उचलही घेतलेली. अशा वेळी ट्रॅक्टरला खोकला आला तरी पोटात गोळा येतो. इथं तर ऑइल कमी व्हायचं सोडून वाढलेलं.

आपोआप ऑइल वाढतं ते बहुतेक वेळा दोनच गोष्टींनी, एक तर त्यात डिझेल उतरलेलं असतं, नाहीतर पाणी. फीड पंपाचा पडदा फाटला किंवा डिझेल पंपाचं सील गेलं की डिझेल खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाला ऑइल साठतं त्या भांड्यात येतं. तसं झालं की ऑइल पातळ होतं आणि वास येतो. मी पट्टी नाकाला लावून बघितली. वास नव्हता. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर थेंब सोडला. डिझेल असलं तर काळ्या डागाभोवती पातळ तेलकट कडं लांबवर पसरत जातं. तेही नव्हतं. राहिलं पाणी. पण ऑइलात पाणी गेलं की ते दुधाच्या चहासारखं दिसतं, असं मी ऐकलेलं, आणि हे ऑइल तर काजळासारखं काळंभोर.

तव्याची रीत मला आधीपासून माहीत होती. तापलेल्या तव्यावर ऑइलचा थेंब टाकायचा. नुसतं ऑइल असेल तर थेंब पसरतो, धूर सोडतो आणि संपतं. पाणी असेल तर तडतडतं. मी चुलीपाशी गेलो तर आईनं तवा उचलून मागं धरला. “भाकरीच्या तव्यावर ते काळं टाकशील तर उद्यापासून तुझ्या भाकरी तूच थाप.” शेवटी गोठ्यातला कड फुटलेला जुना तवा सापडला. तीन विटा मांडल्या, तुराट्या पेटवल्या. पट्टीवरचा थेंब टाकला. गप्प. नुसता निळसर धूर. मला एकदम हलकं वाटलं.

तेवढ्यात डायव्हर, जो इतका वेळ पायानं माती उकरत उभा होता, म्हणाला, “मालक, पाणी मात्र प्यायलंय हो ते. आठ दिवस झाले, रोज सकाळी अर्धा तांब्या घालायलोय.”

आठ दिवस! बाहेर कुठं गळत नव्हतं, रेडिएटर कोरडा, होज पाइप कोरडे, ट्रॅक्टरखाली मातीवर डाग नाही, म्हणून त्याला सांगावं वाटलं नव्हतं. त्याचं तरी काय चुकलं म्हणा. उन्हाळ्यात पाणी आटतंच, अशी आमची सगळ्यांचीच समजूत.

मग मी एक मोठी चूक केली. ट्रॅक्टर सुरू करून दहा मिनिटं तसाच उभा ठेवला, बंद केला आणि लगेच पट्टी काढली. आता पट्टीवर काळं नव्हतं. राखाडी, मातकट, फेसाळ, दुधाची पावडर नीट न विरघळल्यासारखं. तव्यावर थेंब टाकताच मोहरी टाकल्यासारखी तडतड झाली आणि एक कण मनगटावर उडाला. ऑइल रात्रभर उभं राहिलं की पाणी जड म्हणून तळाला बसतं, वर चांगलं ऑइल राहतं, आणि पट्टीला वरचंच लागतं. सकाळच्या थंड थेंबानं मला फसवलं होतं ते असं. इंजिन फिरलं की सगळं घुसळून निघतं.

ही दहा मिनिटं मला नंतर महागात पडली, ते पुढं येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी चेंबरच्या बोल्टखाली कोल्ड्रिंकची कापलेली बाटली धरली आणि बोल्ट आटा-आटानं ढिला केला. आधी पाणी आलं. तांबूस, गंजाच्या रंगाचं, बाटलीत पाव लिटरच्या आसपास. मग धार एकदम काळी झाली. बोल्ट परत आवळला. बाटली बापूंना दाखवली. ते म्हणाले, “हे तर आपल्या बोअरचं पाणी,” जसं काही ओळखीचा माणूस नको त्या घरात बसलेला दिसावा.

ट्रॅक्टर ओढून तालुक्याच्या गावी एका गॅरेजला नेला. तिथल्या फिटरनं बाटली बघितली, इंजिनाकडं बघितलंही नाही. “गॅस्केट. डोळे झाकून सांगतो.” संध्याकाळपर्यंत हेड, म्हणजे सिलिंडरवरचं जड झाकण उतरवलं, त्याच्याखाली सांधा बंद करणारं नवीन गॅस्केट टाकलं, हेड चढवलं, ऑइल-फिल्टर बदललं. ६,५०० रुपये. मलाही बरं वाटलं, कारण काम एका दिवसात झालं. हेड लेथवर दाखवायचं का असं मी विचारलं तर म्हणाला, गरज नाही. खरं सांगायचं तर मला तेच ऐकायचं होतं.

चौथ्या दिवशी पट्टीवर ऑइल परत अर्धं बोट वर.

बाजारात, गावात, पारावर सल्ल्यांना तोटा नव्हता. एक जण म्हणाला ब्लॉकच फुटलाय, इंजिन भंगारात घाल. दुसरा म्हणाला रेडिएटरात मूठभर हळद टाक, भोक असेल तिथं जाऊन बसते. हळदीचा हा इलाज आमच्याकडं जुना आहे आणि रस्त्यात अडकलेल्या माणसाला त्यानं घरापर्यंत आणलेलंही आहे. पण मला आता अंदाजपंचे काहीच करायचं नव्हतं. मेव्हण्यानं लातूरच्या एका म्हाताऱ्या फिटरचं नाव सुचवलं. एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेलं, आता घरासमोरच्या लिंबाखाली बसून निवडक कामं घेतात. सगळे त्यांना चाचा म्हणतात.

चाचा गावी यायला तयार झाले, पण एका अटीवर. “मी येईपर्यंत ट्रॅक्टर सुरू करायचा नाही. चाबी काढून आईजवळ दे.”

आल्यावर त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. खुर्ची मागितली, पाणी प्याले आणि प्रश्न सुरू केले. पाणी किती दिवसापासून कमी होतंय? इंजिन कधी तापलं होतं का? काटा लालमध्ये गेला होता का? सायलेन्सरातून पांढरा धूर येतो का? रेडिएटरात तेलाचा तवंग आहे का? आणि सगळ्यात शेवटी, “पाणी चालताना कमी होतं का उभ्यानं?”

हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. मलाही सुचला नव्हता.

“उत्तर माहीत नसलं तर बघू,” असं म्हणून त्यांनी रेडिएटर काठोकाठ भरायला लावला आणि आतल्या भिंतीवर पाण्याच्या रेषेला खिळ्यानं एक ओरखडा मारला. ट्रॅक्टर जागचा हलवायचा नाही. मग त्यांनी आमच्या शेडच्या खिळ्याला टांगलेलं जुनं गॅस्केट बघितलं. ते फेकलं नव्हतं हे नशीब. चाचांनी ते काढून उन्हात धरलं, डॉक्टर एक्स-रे धरतो तसं. सिलिंडरच्या तोंडाभोवतीच्या लोखंडी कड्यांवरून अंगठा फिरवला. “हे बघ. गॅस्केट जळलं असतं तर इथं काळी वाट दिसली असती, सिलिंडरपासून पाण्याच्या भोकापर्यंत, नाहीतर एका सिलिंडरपासून दुसऱ्यापर्यंत. कडं कुठंच तुटलेलं नाही. हे गॅस्केट अजून दोन वर्षं चाललं असतं, बेटा.”

६,५०० रुपये परत एकदा दुखले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी ओरखड्याच्या दोन बोटं खाली होतं. ट्रॅक्टर सुरूसुद्धा झालेला नव्हता. म्हणजे पाणी उभ्यानं, स्वतःच्या वजनानं उतरत होतं. चाचांचा हिशोब असा: गॅस्केट किंवा हेड सिलिंडरच्या बाजूनं गेलं, तर इंजिन चालताना जळालेला गॅस पाण्यात घुसतो. थंड इंजिन सुरू केलं की मिनिटाभरात वरचा होज फुगून कडक होतो आणि झाकण उघडं ठेवलं तर रेडिएटरात बुडबुडे येतात. हे बघण्यापुरतं मिनिटभर इंजिन चालवायची त्यांनी परवानगी दिली, पण त्याआधी डिझेलचा फवारा मारणारे तिन्ही नोझल काढून इंजिन हातानं फिरवून बघितलं. सिलिंडरमध्ये पाणी साचलेलं असलं आणि तसाच सेल (स्टार्टर) मारला तर पिस्टनला वर जायला जागा राहत नाही. हवा दबते, पाणी दबत नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यांनी एसटीत असा वाकलेला रॉड बघितला होता, हाताच्या कोपरासारखा. आमच्या नोझलच्या भोकांतून काही उडालं नाही. नोझल परत बसवले, डिझेलच्या नळीतली हवा काढली, सेल मारला. बुडबुडा नाही. होज मऊ.

मग एकेक वाट बंद करत गेले. वॉटर पंप आमच्या ट्रॅक्टरला पुढं, बेल्टवर फिरणारा. त्याचं सील गेलं तर पाणी खालच्या बारीक भोकातून बाहेर येतं, ऑइलाकडं त्याला वाटच नाही. ऑइल कूलर, म्हणजे पाण्यानं ऑइल थंड करणारा भाग, आमच्या इंजिनाला नाहीच. “मोठ्या गाडीला असता तर मी सगळ्यात आधी तोच काढला असता,” चाचा म्हणाले. “बाहेरच्या बाहेर निघतो, खर्च कमी. चालताना ऑइलचं प्रेशर जास्त म्हणून ऑइल पाण्यात जातं, बंद केलं की पाणी ऑइलात येतं. रेडिएटरात तवंग आहे का म्हणून विचारलं ते त्यासाठीच.” टॅपेट कव्हर उघडून बघितलं. हेडमधून वरून पाणी झिरपत असतं तर तिथं ओघळ किंवा गंज दिसला असता. तिथं फक्त झाकणाच्या आतल्या बाजूला थोडी पिवळट साय होती.

ती साय मी आधीही बघितली होती. त्याच्या आधीच्या डिसेंबरात, हरभऱ्याच्या वेळी, ऑइल टाकायच्या झाकणाखाली. तेव्हा एकानं सांगितलं होतं की थंडीत इंजिन थोडा वेळच चाललं की आतली वाफ थिजते, घाबरायचं काम नाही. ते खरंच आहे, तसं होतं. पण ती साय तेव्हा थंडीची होती का या दुखण्याची पहिली खूण, हे चाचांनाही सांगता आलं नाही.

आता राहिलं चेंबर उतरवणं. काही ट्रॅक्टरांत चेंबरच चासीचं काम करतं, ते काढायचं म्हणजे ट्रॅक्टर मधून सोडवावा लागतो. आमचं तसं नव्हतं. पुढं जॅक, खाली लाकडाचे ठोकळे, आणि तासाभरात चेंबर खाली. खालून वर बघितलं की क्रँक, रॉड आणि त्याच्या वर तिन्ही लायनरच्या, म्हणजे पिस्टन ज्यात चालतो त्या नळ्यांच्या, खालच्या कडा दिसतात. मी पहिल्यांदाच बघत होतो. आमच्या इंजिनाचे लायनर ओले, म्हणजे लायनरच्या बाहेरच्या अंगाला थेट पाणी खेळतं. वर हेडची दाबण आणि खाली ब्लॉकच्या बैठकीत रबराच्या ओ-रिंगा. पाणी आणि चेंबरमधलं ऑइल यांच्यामध्ये आडवं काय असतं, तर त्या रबराच्या करंगळीपेक्षा बारीक रिंगा. एवढ्यावर आपलं सगळं चालतं हे बघून जरा विचित्रच वाटलं.

चाचांनी पिशवीतून एक वस्तू काढली. जुन्या रेडिएटरचं झाकण, त्याला मधोमध सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह डाग देऊन बसवलेला आणि शेजारी प्रेशरचा छोटा काटा. रेडिएटर भरून हे झाकण बसवलं आणि माझ्या पुतण्याच्या सायकलचा पंप लावला. “आपल्या झाकणावर जेवढा आकडा लिहिलाय तेवढंच. त्याच्या वर एक दट्ट्या नाही. रेडिएटर फाटेल आणि मग आपण दुसरंच गळणं शोधत बसू.” काटा बारा-तेराच्या मध्ये आणून थांबवला. इंजिन पूर्ण थंड. गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही, ही गोष्ट आमच्या डायव्हरच्या मनगटावर आधीच छापलेली आहे.

मग वाट बघणं. चाचांनी तिन्ही लायनरच्या कडा, रॉड, ब्लॉकचा आतला भाग सुती फडक्यानं कोरडा पुसला, खाली पांढरा पुठ्ठा अंथरला, आणि मला पोत्यावर झोपवलं. “माझी कंबर चालत नाही. तू बघ आणि बोल.”

बॅटरी धरून मी उताणा. वर काळं लोखंड. दहा मिनिटं काही नाही. नाकावर ऑइलचा एक थेंब पडला, तो बिनकामाचा. काटा मात्र हळूहळू उतरत होता, म्हणजे कुठंतरी जात होतं. वीसेक मिनिटांनी मधल्या लायनरच्या खालच्या कडेला, सायलेन्सरच्या बाजूला, काहीतरी चमकलं. आधी वाटलं बॅटरीचा उजेड. मग तो उजेड फुगला. मोहरीएवढा, मग ज्वारीच्या दाण्याएवढा, मग लांबट झाला आणि सुटला. पुठ्ठ्यावर टप्प.

“आलं चाचा!”

“कुठून? लायनरच्या आतून का बाहेरून?”

मला प्रश्नच कळेना. चाचा गुडघ्यावर आले. लायनरच्या आतल्या बाजूनं, म्हणजे पिस्टन चालतो त्या भिंतीवरून ओघळ खाली येत असेल, तर पाणी वरून येतंय. गॅस्केट, हेडचा तडा, नाहीतर लायनरलाच आरपार भोक. आणि लायनर आणि ब्लॉक यांच्या फटीतून, बाहेरच्या कडेनं येत असेल तर ओ-रिंग, नाहीतर ब्लॉकची बैठक. मी बोट लावून बघितलं. आतली भिंत कोरडी. फटीत ओल.

“मग झालं,” चाचा म्हणाले आणि पहिल्यांदा बिडी पेटवली.

ती रात्र तसंच ठेवलं, अधूनमधून पंप मारत. बाकीचे दोन लायनर कोरडे आहेत का हे बघायचं होतं. रात्री दोनला उठून बघितलं तर तिसऱ्याच्या कडेलाही एक थेंब धरलेला. पहिला मात्र पहाटेपर्यंत कोरडा.

लायनर काढले तेव्हा खरं दुखणं कळलं. ओ-रिंगा रबराच्या राहिल्याच नव्हत्या. गोल असायच्या त्या पट्टीसारख्या चपट्या झालेल्या, वाकवलं की मोडत होत्या. लायनरच्या बाहेरून खडूसारखा पांढरा थर. आणि तो थर खरवडल्यावर मधल्या लायनरच्या एका बाजूला, वरपासून खालपर्यंत एका पट्ट्यात, देवीच्या व्रणांसारखे बारीक खड्डे. बाकीचा लायनर गुळगुळीत, एकाच बाजूला हे. चाचांनी दाभणाचं टोक एका खड्ड्यात घातलं, ते बरंच आत गेलं. “अजून एक सीझन, आणि हे आरपार होऊन पाणी सिलिंडरात.”

पाण्यानं लोखंडाला असे खड्डे कसे पडतात, हे मी त्यांना विचारलं. त्यांनी लायनर उचलून हवेत धरला आणि पान्यानं ठोकला. घंटेसारखा वाजला. पिस्टन प्रत्येक फेरीला एका बाजूला आपटतो, लायनर असा थरथरतो, आणि बाहेरच्या पाण्यात क्षणभर बारीक पोकळ्या तयार होऊन लगेच मिटतात. मिटताना जो दणका बसतो तो लोखंडाचा कण उडवतो. तासातासाला लाखो वेळा. म्हणून खड्डे पिस्टन आपटतो त्याच बाजूला. चांगल्या कूलंटमधली औषधं लायनरवर पातळ थर धरतात आणि हा मार झेलतात. साध्या पाण्यात तो थर नसतो.

आणि आमच्या रेडिएटरात तर बारा वर्षांत काय काय गेलेलं. नवीन घेतला तेव्हा हिरवं कूलंट होतं. नंतर बोअरचं पाणी, टँकरचं पाणी, विहिरीच्या तळाचं पाणी. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं प्यायचं पाणी आणावं लागलं. त्या उन्हाळ्यात रेडिएटरसाठी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर घ्या असं कुणी सांगितलं असतं तर बापूंनी त्याला शेडमधून हाकललं असतं. काळ्या खडकातलं बोअरचं पाणी आमच्याकडं चहाच्या पातेल्यात थर धरतं, ते इंजिनात धरणार नाही असं का वाटलं, कोण जाणे.

बेअरिंगचं सांगायचं राहिलं. रॉडची बेअरिंग काढून चाचांनी माझ्या हातात दिली. चांगली बेअरिंग गुळगुळीत, फिक्या रुपेरी रंगाची. आमच्यांवर मळकट डाग, आणि एकीवर नखाला लागेल असा ओरखडा. “तू ती दहा मिनिटं चालवलास ना, तव्यासाठी?” मी गप्प. सगळा दोष त्या दहा मिनिटांचा नव्हता, त्याआधी आठ दिवस मोगडा चाललाच होता. पण पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंगखाली थर धरत नाही, हे माहीत असूनही मी सेल मारला होता. बेअरिंगचा सेट नवीन घेतला. क्रँक लेथवाल्याकडं मापून आणला, तो मापात निघाला. हेडही तिथंच पाण्यात बुडवून हवा सोडून बघितलं. तडा नाही.

लायनर, पिस्टन, रिंगा यांचा पूर्ण सेट, बेअरिंग, गॅस्केटा, ऑइल, कूलंट, लेथ आणि मजुरी मिळून ३८,००० च्या आसपास गेले. पहिल्या गॅस्केटचे वेगळे. चाचांनी मजुरी मागितली त्यापेक्षा जास्त द्यावी वाटली, ती त्यांनी घेतली नाही.

जोडणीत त्यांनी सगळ्यात जास्त वेळ कशाला दिला असेल तर ब्लॉकच्या बैठकीला. नवीन ओ-रिंग जुन्या गंजावर बसवली तर काही महिन्यांत परत तेच. बारीक पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून दीड दिवस आम्ही दोघांनी त्या कडा घासल्या. ओ-रिंगा साबणाच्या पाण्यात बुडवून खोबणीत सरळ बसवल्या, एकही पिळलेली नाही हे बोट फिरवून बघितलं, आणि लायनर दोन्ही तळहातांनी दाबून सरळ खाली सोडले. हातोडा नाही. लायनरची वरची कड ब्लॉकच्या किती वर राहते हेही त्यांनी डायल गेज लावून मापलं. हे मिलिमीटरच्या शंभराव्या भागातलं माप, कंपनीच्या पुस्तकात दिलेलं असतं. कड कमी वर राहिली तर हेड लायनरला दाबत नाही, लायनर जास्त हलतो आणि खालची ओ-रिंग घासून मरते. पहिल्या फिटरनं हेड उघडलं होतं तेव्हाच हे माप घेतलं असतं तर बरंच कळलं असतं.

हेड चढवायच्या आधी ब्लॉकमध्ये पाणी भरून, पंपाच्या तोंडाला लाकडी बूच मारून, खाली परत पांढरा पुठ्ठा. रात्रभर. सकाळी पुठ्ठा कोरडा. हेड टॉर्क पान्यानं, मधून बाहेर, तीन टप्प्यांत आवळलं. पहिलं ऑइल स्वस्तातलं घालून पंधरा मिनिटं रेसवर न नेता चालवलं आणि सांडून दिलं, म्हणजे कोपऱ्यातलं पाणी निघून जाईल. मग नवीन फिल्टर आणि चांगलं ऑइल. रेडिएटरात कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं, बॅटरीच्या दुकानातून पाच लिटरचे कॅन आणून.

मृगाचा पहिला पाऊस आमच्याकडं पडला तेव्हा चेंबर बसलेलं होतं, हेड बाहेर होतं. चाळीस एकरातली चोवीस एकरं गेली, लोकांनी दुसऱ्याचा ट्रॅक्टर लावला. उचल परत दिली. पेरणी मात्र सापडली.

एक गोष्ट अर्धवट राहिलीय. तिसऱ्या लायनरच्या बैठकीत एक खड्डा होता, घासून न गेलेला, गव्हाच्या अर्ध्या दाण्याएवढा. चाचा म्हणाले, ओ-रिंग त्याला झाकून घेईल, पण किती दिवस ते सांगत नाही. नाही झाकलं तर ब्लॉक बोअर करून बुश बसवावा लागेल. तेव्हापासून रेडिएटरमधला तो खिळ्याचा ओरखडा आम्ही रोज सकाळी बघतो, पट्टीच्या आधी.

आता ३४० तास झाले. परवा डायव्हरनं सकाळीच फोन केला, “मालक, पाणी ओरखड्याच्या खाली आहे.” मी अंगात शर्ट न घालताच शेडमध्ये गेलो. पट्टी काढली, ऑइल खुणेवर. खाली वाकून बघितलं तर मातीवर हिरवा डाग. खालच्या होजची क्लिप ढिली झाली होती.